जंगल दाखविण्याचा व्यवसाय : भांडवल थोडे, जबाबदारी मोठी

आपल्या व्यापारी बांधवांना धंदा म्हटला की दुकान, गोदाम, काटा आणि खातेवही आठवते. मालाशिवाय धंदा होतो असे सांगितले तर दलालीचे नाव घेतले जाते. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांत एक निराळाच व्यवसाय उभा राहिला आहे. त्यात दुकान नाही, गोदाम नाही. जो माल पाहायला गिऱ्हाईक येते तो विकणाऱ्याच्या मालकीचा नाही आणि गिऱ्हाइकाला तो दिसेलच अशी हमीही नाही. तरीही सुटीच्या दिवशी पहाटे माणसे खिशातले पैसे देऊन वेळेवर हजर राहतात. हा व्यवसाय म्हणजे माहीतगार वाटाड्याबरोबर डोंगरात पायी फिरून रानातील पशुपक्षी पाहण्याचा.

कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाला जंगलाशी काय देणेघेणे, असे काही वाचक विचारतील. देणेघेणे आहे. या व्यवसायात आपल्या मुलांना रोजी आहे, आपल्या कारागिरांना काम आहे आणि व्यापाराच्या सचोटीचा एक फार जुना धडाही आहे.

डोंगर दारात, दरवाजा दूर

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर स्टेशन आहे. पुलावरून पश्चिमेला पाहिले तर इमारतींच्या मागे हिरव्या डोंगराची रांग दिसते. ती रांग म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी माणसे त्याला अजून बोरिवली नॅशनल पार्कच म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि ते मुंबई उपनगर व ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे जंगल असणे ही जगात फार दुर्मीळ गोष्ट आहे.

याच डोंगरांत १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आहे आणि १८७९ चा तुळशी तलाव आहे. आजही या दोन्ही तलावांचे पाणी मुंबईला मिळते. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी इथेच कोरलेली आहेत. अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी, दीडशेच्या आसपास जातींची फुलपाखरे, चितळ, सांबर, भेकर, वानर, उदमांजर आणि या सर्वांचा सरदार बिबट्या इथे राहतो. २०१५ साली जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावून उद्यान आणि आसपासच्या भागातील बिबटे मोजण्यात आले, तेव्हा ३५ आढळले. २०१८ च्या मोजणीत हा आकडा ४७ झाला. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, जसे आपल्या अंगठ्याचे ठसे. त्यावरून ही मोजदाद होते.

नाहूरहून डोंगर दिसतो, पण उद्यानाचा मुख्य दरवाजा पलीकडे बोरिवलीला आहे. आपल्या बाजूच्या माणसाला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने किंवा घोडबंदरवरून वळसा घालावा लागतो. ठाण्याकडून येऊरची वाट आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. हे जुळे बोगदे या उद्यानाच्याच पोटातून काढायचे आहेत आणि जोडरस्ता आपल्या नाहूरवरून जाणार आहे. म्हणजे जे जंगल आजवर नाहूरकरांच्या पाठीमागे होते ते पुढे त्यांच्या रस्त्यावर येणार. रस्ता आला की गर्दी येते, गर्दीबरोबर धंदा येतो. तो कोणत्या प्रकारचा असावा याचा विचार आधी केलेला बरा.

पाहण्याचे दोन प्रकार

पुष्कळ लोक बोरिवलीला जाऊन सिंह आणि वाघांची सफारी करून येतात आणि आम्ही जंगल पाहिले असे सांगतात. ती सफारी कुंपणाच्या आत असते. प्राणी पाळलेले असतात, त्यांना खाणे वेळेवर मिळते आणि गाडीत बसलेल्या माणसाला ते बहुतेक वेळा दिसतात. त्यात वाईट काही नाही. लहान मुलांना आनंद होतो. मुंबई महापालिकेने नाहूरमध्ये पक्षी उद्यान उभारण्याची योजना आखली आहे, तेही याच प्रकारात मोडेल.

दुसरा प्रकार पायी फेरीचा. उद्यानात शिलोंडा, नागला अशा काही ठरलेल्या वाटा आहेत. त्यांवर परवानगीने, ठरलेल्या वेळी, जाणकार माणसाबरोबर जायचे. गोरेगावच्या फिल्म सिटीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तेथेही अशा फेऱ्या होतात. इथे कुंपण नाही. प्राणी स्वतःच्या मर्जीचा मालक असतो. तीन तास चालून एक चितळही दिसले नाही असे होऊ शकते. या दुसऱ्या प्रकाराविषयीच हा लेख आहे, कारण त्यात वाटाड्याचे हुनर लागते. हुनर असेल तिथेच मजुरीला किंमत असते.

वाटाड्याचे हुनर

चांगला वाटाड्या डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त काम करतो. वानर झाडाच्या शेंड्यावरून विशिष्ट आवाजात खोकल्यासारखे ओरडू लागले, चितळाने तीक्ष्ण आवाज दिला, सांबराने पाय आपटून भोंग्यासारखी हाक मारली, तर जवळपास बिबट्या असण्याचा संभव असतो. एकट्या वानरावर तो विश्वास ठेवत नाही. दोन साक्षीदार मिळाले की मान्य करतो. पायवाटेवरच्या धुळीत उमटलेला ठसा कुत्र्याचा की बिबट्याचा हे तो नखांच्या खुणेवरून सांगतो. कुत्र्याची नखे उमटतात, बिबट्या चालताना नखे आत ठेवतो. झाडाच्या खोडावरील ओरखडे आणि वाळलेल्या विष्ठेतील केस यांवरून रात्री कोण गेले आणि काय खाऊन गेले याचा तो हिशेब लावतो. आपला मुनीम जशी खातेवही वाचतो तशी तो जमीन वाचतो.

आपल्या कारागीर वाचकांना एक गोष्ट खास आवडेल. मराठीत कितीतरी पक्ष्यांची नावे कारागिरांवरून पडली आहेत. सुतार पक्षी चोचीने लाकूड कोरतो. तांबट पक्षी उन्हात बसून टुक् टुक् असा एकसारखा आवाज काढतो. पायधुणीच्या तांबा काट्याकडे ज्याने तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडताना ऐकली असेल त्याला हे नाव का पडले ते समजावून सांगावे लागणार नाही. हिवाळ्यात पाण्याच्या कडेला शेपटी वरखाली आपटत फिरणारा तो धोबी. आणि शिंपी पक्षी तर नावाप्रमाणेच शिवणकाम करतो. मोठ्या पानाच्या कडांना चोचीने भोके पाडतो आणि त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवून पानाची पिशवी करतो. तिच्या आत घरटे असते.

एका पावसाळी फेरीत माझ्याबरोबर माझ्या ओळखीचे एक शिवणकाम करणारे मास्टर होते. वाटाड्याने लांबूनच, हात न लावता, असे एक घरटे दाखविले. मास्टरांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "टाका सुटा आहे, पण ताण बरोबर दिला आहे. ओढला असता तर पान फाटले असते." तुकडीतील शिकल्यासवरल्या मंडळींना ही गोष्ट सुचली नव्हती. ज्याच्या हातात हुनर आहे तो दुसऱ्याचे हुनर लवकर ओळखतो. म्हणून मला वाटते की आपल्या कारागिरांच्या मुलांत चांगले वाटाडे होण्याचा गुण आधीच आहे.

आम्ही उर्दू शाळेत हुदहुद, बया, अबाबील ही नावे शिकलो. पुढे कळले की मराठीतही हुदहुद हा हुदहुदच आहे आणि बया म्हणजे सुगरण. एकाच पक्ष्याची तीन भाषांतील नावे ज्याला येतात तो वाटाड्या तीन प्रकारच्या गिऱ्हाइकांना चालतो. मराठी नावांसाठी वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' उपयोगी पडतो.

या धंद्याला मोसम आहे आणि काही मोसम फार लांबचे आहेत. थंडीत दूरदेशीचे पाहुणे पक्षी येतात. पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात आणि नवरंग पक्षी हजर होतो. पावसाळ्यात बेडूक, खेकडे आणि फुलपाखरे असतात. आणि कारवी नावाचे झुडूप, ज्याच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आदिवासी बांधव घालतात, ते आठ वर्षांतून एकदाच फुलते. या उद्यानात ते २०१६ साली फुलले, नंतर २०२४ साली. आता पुढचा बहर २०३२ च्या सुमारास. कितीही मागणी असली तरी हा माल आठ वर्षांच्या आधी येत नाही. अशा ठिकाणी व्यापाऱ्याला सब्र शिकावाच लागतो.

हवेतला पक्षी विकता येत नाही

आता या व्यवसायाच्या मुळाशी असलेली गोष्ट. आपल्याकडे खरेदी-विक्रीचे मसाइल शिकविताना एक उदाहरण हमखास देतात : हवेत उडणारा पक्षी आणि पाण्यात पोहणारा मासा विकता येत नाही. कारण तो विकणाऱ्याच्या ताब्यात नाही आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची त्याची ताकद नाही. अशा सौद्यात धोका आहे, म्हणून तो सौदाच नाही. जाळे टाकणाऱ्याला त्याच्या मेहनतीची मजुरी मात्र देता येते.

जंगलाच्या वाटाड्याला हा नियम अक्षरशः लागू पडतो. तो बिबट्या विकू शकत नाही. त्याने विकायची आहे ती आपली तीन तासांची मेहनत, आपली माहिती आणि गिऱ्हाइकाची सुरक्षितता. ही उजरत आहे आणि ती पूर्णपणे खरी कमाई आहे. ज्या क्षणी तो म्हणतो, "या, बिबट्या नक्की दाखवितो," त्या क्षणी त्याने हवेतला पक्षी विकला.

आणि हा शब्द एकदा दिला की तो पाळण्यासाठी पुढची गैरकृत्ये करावी लागतात. कोणी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवून त्याला बाहेर काढतो. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून अंडी-पिले सोडून धावत येतो. कोणी घरट्याभोवतीच्या फांद्या तोडतो म्हणजे फोटो साफ यावा. मग पाने उघडी पडतात आणि कावळे पिले उचलून नेतात. कोणी रात्री डोळ्यांवर झोत मारतो. गिऱ्हाईक खूश होते, पण पुढच्या वर्षी त्या झाडावर घरटे नसते. हे म्हणजे नफा वाढविण्यासाठी मूळ रक्कम खाणे झाले.

याचा परिणाम किती महाग पडतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडविले. त्याचे चित्रीकरण सर्वत्र पसरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. संबंधित चालक आणि गाइड यांना निलंबित करून दंड करण्यात आला. गाडीत बसलेल्या पर्यटकाचा हट्ट होता, पण रोजी गेली ती गाइडची आणि चालकाची. ज्या गाइडला "नाही, साहेब, गाडी पुढे जाणार नाही" असे म्हणता येते तोच या धंद्यात टिकतो. बक्षिशीच्या नोटेपेक्षा त्याचा परवाना मोठा आहे.

मुंबईतील पहिला मोठा गाइड

या वाटेवर आपल्या समाजातील एक माणूस फार आधी चालून गेला आहे. सालिम अली यांचे नाव सर्वांना माहीत आहे, पण ते एकेकाळी पगारी गाइड होते हे थोड्यांना माहीत असेल.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. आईवडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे ते वाढले. मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याखाली पिवळा डाग होता. अशी चिमणी खाण्यास चालते की नाही, अशी शंका मुलाला आली आणि त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. ही संस्था १८८३ पासून मुंबईत काम करीत आहे. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले. एका साध्या प्रश्नातून एक आयुष्य घडले.

पुढे सालिम अली ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. धंदा बसला. परत आल्यावर १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चरर म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नोकरी मिळाली. येणाऱ्यांना पशुपक्ष्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम. त्यानंतर ते जर्मनीत शिकून आले तर इकडे पैशाअभावी जागाच रद्द झाली होती. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. सुगरणीचा नर घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. मादी येऊन विणकाम तपासते. पसंत पडले तर घरटे पुरे होते, नाही तर तसेच लटकत राहते. भिवंडी-मालेगावच्या विणकरांना यात नवल वाटणार नाही. नमुना पास झाल्याशिवाय पुढचा ताका कोण विणतो?

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक निघाले आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९८७ साली त्यांचे निधन झाले. धंदा बुडालेला, पदवी हाती नसलेला तरुण केवळ बारकाईने पाहण्याच्या जोरावर जगात नाव कमावून गेला, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

हिशेब काय सांगतो?

आता वहीकडे वळू. समजा, एका तुकडीत दहा माणसे आहेत आणि प्रत्येकाकडून ४०० रुपये घेतले. जमा ४,००० रुपये. प्रवेश फी, परवानगी, पाड्यावरील सोबत्याचे मानधन, नाश्ता आणि प्रवास मिळून २,२०० रुपये खर्च धरा. हाती १,८०० रुपये राहिले. वर्षात अशा ४० फेऱ्या झाल्या तर ७२,००० रुपये. हे आकडे मी फक्त हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत, दर ठिकाणाप्रमाणे बदलतात. पण रीतीवरून एक गोष्ट कळते : एवढ्यावर चार माणसांचे घर चालत नाही. सुरुवातीला हा जोडधंदा आहे. शाळांच्या सहली, कंपन्यांच्या तुकड्या, परदेशी पाहुणे आणि फोटोग्राफर यांची कामे मिळू लागली की मग तो पूर्ण धंदा होतो. त्यासाठी काही वर्षे नाव कमवावे लागते.

मग जास्त कमाईसाठी तुकडी दहाऐवजी चाळीसची करावी काय? येथेच नवखा माणूस फसतो. चाळीस माणसांच्या पायांचा आवाज ऐकून पक्षी उडून जातात, मागच्या तीस जणांना काही दिसत नाही आणि ते परत येत नाहीत. या धंद्यात गिऱ्हाईक कमी आणि दर वाजवी हेच गणित चालते.

जगातले सर्वांत मोठे उदाहरण आफ्रिकेतील रवांडा देशाचे आहे. तेथील ज्वालामुखींच्या डोंगरातील राष्ट्रीय उद्यानात डोंगरी गोरिला राहतात. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक, फक्त एक तास भेटू शकतात. २०१७ साली या परवान्याचा दर ७५० वरून १,५०० डॉलर करण्यात आला. त्याच वेळी उद्यानाच्या उत्पन्नातला आसपासच्या गावांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. सामान उचलणारे हमालही गावचेच असतात. गावाला वाटा मिळतो म्हणून गाव जंगल राखते.

आपल्या देशात लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहायला लोक कडाक्याच्या थंडीत जातात आणि रुंबकसारख्या गावात शेतकऱ्यांच्या घरी राहतात. ज्या जनावराने एकेकाळी मेंढ्या खाल्ल्या म्हणून शिव्या खाल्ल्या, त्याच जनावरामुळे आज घरात पाहुण्यांचे पैसे येतात.

हाच न्याय संजय गांधी उद्यानाला लावला पाहिजे. उद्यानाच्या आत आणि कडेला वारली, मल्हार कोळी, कोकणा या आदिवासी बांधवांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वारली लोक वाघोबाला देव मानतात आणि बिबट्याच्या शेजारी राहण्याची रीत त्यांना येते. कोणत्या ओढ्यावर कोण पाणी पिते हे त्यांच्या मुलांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. शहरातल्या मुलाने इंग्रजी बोलून सगळी फी खिशात घालायची आणि पाड्यावरच्या मुलाने मागून पाण्याच्या बाटल्या वाहायच्या, ही भागीदारी नव्हे. भागीदारी करायची तर वाटा आधी ठरवा आणि फेरी संपताच हातावर ठेवा. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी हे आपण सर्व जाणतोच.

कापड, चामडे आणि कातर

जे स्वतः रानात जाणार नाहीत त्यांच्यासाठीही काम आहे. माझा धंदा कापडाचा, म्हणून आधी कापडाचे सांगतो.

जंगलात पांढरा, लाल, भडक पिवळा रंग चालत नाही. माती, मेहंदी, खाकी, सुकलेल्या गवताचा रंग चालतो. पूर्ण बाही आणि पूर्ण पाय झाकणारा कपडा हवा. नायलॉन सळसळते, त्या आवाजाने जनावर सावध होते. सुती ड्रिल शांत आणि टिकाऊ असते, पण पावसात भिजले की दिवसभर वाळत नाही. म्हणून थंडीला सुती आणि पावसाळ्याला सूत-पॉलिएस्टर मिश्रण असे दोन माल ठेवावेत. खिसे मोठे आणि दुहेरी शिलाईचे हवेत. गुडघ्याला जोड कापड हवे. हा माल भिवंडीत विणता येतो आणि धारावी, कुर्ल्यात शिवता येतो.

एक सावधगिरी मात्र ठेवा. लष्करी छाप्याचे कापड 'जंगल ड्रेस' म्हणून विकू नका. भारतीय लष्कराने २०२२ साली आपल्या नव्या गणवेशाच्या छाप्याची नोंदणी करून घेतली आहे. त्याची नक्कल करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. साधा एकरंगी कपडा रानात तितकाच उपयोगी पडतो.

दुर्बिणीवर '८ बाय ४२' असे लिहिलेले असते. म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाची रुंदी ४२ मिलिमीटर आहे. दुर्बीण हातातून पडली की दोन्ही नळ्यांची नजर जुळत नाही. ती जुळवून देणारा कारागीर सापडत नाही, म्हणून लोक दुर्बीण फेकून देतात. घड्याळ-चष्म्याच्या कामात बसलेल्या मुलांनी हे हुनर शिकून घ्यावे. चामड्याच्या कामातल्यांनी दुर्बिणीचे पट्टे आणि पिशव्या कराव्यात. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकवर निर्बंध आहेत, म्हणून नाश्त्यासाठी कापडी पिशवी आणि पुन्हा वापरायचे डबे यांनाही मागणी आहे.

बिबट्या आणि आपल्या दुकानांचा कचरा

आता एक कडू गोष्ट. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांनी माणसांवर अनेक हल्ले केले आणि अनेक जीव गेले. २००४ चे वर्ष सर्वांत वाईट होते. पुढे २०११ साली वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यातून जे समजले ते असे : बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की तंटा मिटत नाही, उलट वाढतो. आणि बिबट्या वस्तीकडे येतो तो माणसासाठी नव्हे, तर बहुतेक वेळा कुत्र्यांसाठी. कुत्री येतात ती कचऱ्यासाठी.

हा कचरा कोणाचा? मुलुंड, भांडुप, नाहूरच्या डोंगरालगतच्या वस्त्यांत हॉटेले आहेत आणि कोंबडी-मटणाची दुकाने आहेत. रात्री दुकान बंद करताना पिसे, आतडी आणि हाडे गोणीत भरून डोंगराच्या पायथ्याशी टाकणारे आहेत, हे आपण नाकारू शकत नाही. त्या गोणीवर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो आणि पहाटे त्याच वाटेने एखादे लेकरू बाहेर जाते. मटणाच्या दुकानदारांनी आपापल्या संघटनेत ठराव करून हा कचरा पालिकेच्या गाडीतच देण्याचा नियम पाळला तर ती मोठी सेवा होईल. रानातल्या बिबट्यावर ज्याची रोजी आहे त्या वाटाड्याचेही त्यात भले आहे. वस्तीत एक अपघात झाला की फेऱ्या बंद पडतात आणि सगळा मोसम वाया जातो.

तरुणांनी काय करावे?

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी आधी एक वर्ष फक्त पाहावे आणि वहीत नोंद करावी : तारीख, वेळ, जागा, पक्षी, झाड. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. उद्यानाचे निसर्ग माहिती केंद्र आहे. तेथे चौकशी करावी. प्रथमोपचार शिकावेत, विशेषतः साप चावल्यावर काय करू नये ते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणून मुलुंड-भांडुपच्या बाजूने कुंपण ओलांडून मित्रांना घेऊन जाणे हा धंद्याचा सराव नव्हे, तो गुन्हा आहे.

नाहूरच्या मुलाला आणखी एक सोय आहे. पश्चिमेला डोंगर आहे तशी पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. २०१५ साली तिथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत गुलाबी रोहितांचे थवे असतात. नाहूरहून ऐरोलीचा पूल जवळ आहे आणि ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने खाडीची फेरी होते. एका मुलाला डोंगर आणि खाडी दोन्ही येत असतील तर त्याच्या कामाचे महिने वाढतात.

गिऱ्हाइकाशी पहिल्या दिवसापासून एकच बोली ठेवावी : "मी तुम्हाला तीन तास जंगलात नेईन, जे असेल ते दाखवीन, जे दिसेल त्याचे नाव सांगेन आणि सुखरूप परत आणीन. बिबट्या येणे न येणे त्याच्या मर्जीवर." ही बोली ऐकून दोन गिऱ्हाईके परत जातील, तर जाऊ द्यावीत. उरलेली आठ पुढच्या महिन्यात आपल्या भावाला, शेजाऱ्याला घेऊन येतील. आमच्या बाजारात जो दुकानदार रंग जाणार असेल तर आधीच "रंग जाईल" असे सांगतो, त्याच्याकडे तीन पिढ्यांची गिऱ्हाइके टिकलेली मी पाहिली आहेत. जंगलाच्या बाजारातही वेगळे काही होणार नाही.